पुलापलीकडची मंडळी

पुलापलीकडच्या चर्चवर माझा पहिल्यापासून संशय होता. आमचे पाळक पाप आणि न्यायाबद्दल बोलतात तर बाकं रिकामी, आणि तिकडे म्हणे देव कुणालाच नाही म्हणत नाही, म्हणून उभं राहायलाही जागा नाही. अशी गोडगोड शिकवण कुणाला नको असते? तिकडचे लोकच आमची माणसं फोडत होते, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

माझी लेकही त्यांनीच फोडली होती. घटस्फोटानंतर तिने दुसरं लग्न केलं, तेव्हा पंचांच्या बैठकीत तिचं नाव सभासदांतून काढायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. नियम म्हणजे नियम! त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते मला आतून पोखरत गेलं.

म्हणून पाळक म्हणाले, "तिकडे आपली कोण कोण बसतात ते जरा लिहून आणा," तेव्हा मी लगेच तयार झालो. तेवढ्या निमित्ताने लेक तरी दिसेल.

रविवारी टोपी कपाळावर ओढून मागच्या बाकावर बसलो. आमची सात माणसं सापडली, त्यांची नावं कागदावर उतरवली. त्यांतल्या सुताराने तर मला लिहिताना बघून चक्क तोंड फिरवलं. लेक मात्र कुठेच नव्हती. शेवटी त्यांच्या तरुण पाळकालाच गाठून तिच्याबद्दल विचारलं.

"ती? वर्ष झालं येत नाही," मला आपादमस्तक न्याहाळत तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्हीच तिला परत ओढलंत."

घ्या! म्हणजे चोर मीच. तडक लेकीच्या घरी गेलो. ती खिडकीला रंग देत होती. हातातला ब्रश तिने खाली ठेवला नाही.

"तिकडे कुणी काही बोललं का गं तुला?"

"छे, कौतुक केलं. सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाले, बघा, तिकडून हाकललेली आपल्याकडे आली. टाळ्या पडल्या. बाबा, माझ्यामुळे तुमच्याकडे एक आकडा कमी झाला, त्यांच्याकडे एक वाढला. मला कंटाळा आला."

तिने चौकटीवर ब्रशचा आणखी एक हात फिरवला.

"आणि आज तुम्ही कसे? सुतारकाकांचा फोन आला होता. यादी करत होतात म्हणे."

"तुला भेटायला आलो गं, दुसरं काही नाही."

"मग दाखवा ती यादी."

मी कागद काढून दिला. सात नावांच्या वर, सगळ्यात आधी, तिचंच नाव होतं. ते मी घरून निघतानाच लिहिलं होतं.