बरफ वाजवणारा माणूस

सहदेव तायडे टोरांटोत वारले. त्यांच्या अस्थी घेऊन मुलगी वर्षाली बार्शीटाकळीला आली. उद्या तेरवी. मोतीरामकाकांचा मनोज अकोल्यात फ्लेक्स छापतो. तो मोबाईलवर नमुना घेऊन बसला होता. बाबांच्या नावाखाली ठळक अक्षरं : 'हॉलिवूडचे हिरो'.

"बाबा हिरो नव्हते," वर्षाली म्हणाली.

"ताई, गावाले कोन सांगते?"

"मी सांगते."

"मंग काय होते काका?"

तिने सांगायला घेतलं. आधी नाटकांचे पडदे रंगवले. मग टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमासाठी बाहुल्या केल्या, त्यातल्या एका अस्वलाला अकरा वर्षं आवाज दिला. चार मालिकांत डॉक्टर झाले. चारही पेशंट दगावले. शेवटची वीस वर्षं ते स्टुडिओत पडद्याकडे बघत सिनेमातले आवाज करायचे. पावलं, दारं, मोडणारी हाडं.

"ताई, जागा एका ओळीची हाये."

तिला ती ओळ सुचेना. एवढं काम केलेला माणूस उद्या गावाला एका खोट्या शब्दाने कळणार होता. तिने फोनवर बाबांनी आवाज केलेला सिनेमातला एक प्रसंग लावला. बर्फातून एकटी चालणारी बाई. संवाद नाही, नुसती पावलं.

बाजेवर पडलेले मोतीरामकाका उठून बसले. बाबांचे थोरले भाऊ. त्यांना आता दिसत नाही.

"कोन चालून राह्यलं?"

"बर्फात एक बाई आहे, काका."

"बरफ म्या कधी पाह्यला नाही. पन हे सरकी हाये. कापसाच्या जिनिंगातल्या ढिगावर आमी दोघं असेच चालत होतो. सहद्या पुढं, मी मांगं."

वर्षालीने बॅग उघडली. बाबांच्या स्टुडिओत एक तोंड शिवलेली कापडी पिशवी सापडली होती. कशाची ते न कळताच तिने ती सोबत आणली होती. फोन थांबवून तिने पिशवी मुठीत दाबली. मग पुन्हा. बाई चालू लागली.

काकांनी हात पुढे करून पिशवी चाचपली; आत सरकीच होती.

"मन्या," काका म्हणाले, "थो हिरो काढ. लिही, कॅनडात बरफ वाजवनारा बार्शीटाकळीचा मानूस."

मनोजने लिहिलं. "अन् फोटो?"

तिने दाखवला. कानांवर हेडफोन, पायांत बायकांचे उंच टाचेचे बूट, हातात फुटलेला कोबी.

"हे काय वं?"

"डोकं फुटल्याचा आवाज."

"लोकं हासतीन, ताई. कोबी कापून टाकू?"

"राहू दे," वर्षाली म्हणाली. "कामावरचा फोटो आहे."