घड्याळजींच्या पोटातला पांढरा तारा

“घाबरायचं नाही, काका. गिळा... शाब्बास!” डॉक्टरबाईंचा हा आवाज मी पहिल्या दिवशी ऐकला, तो अजून माझ्या नळीत घुमतो. मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. आकाशात नव्हे, माणसाच्या पोटात डोकावणारी. काळी लवलवती काया, टोकाला डोळा, डोळ्याशेजारी दिवा. नवी होते तेव्हा सगळे कौतुकाने माझ्याभोवती जमत. आता शेजारच्या कपाटात नवी आली आहे, मला क्वचितच बोलावणं येतं.

तीन वर्षांपूर्वी एका घड्याळजींच्या जठरात मला गाठ दिसली. इवलीशी, पण वाईट. डॉक्टरबाईंनी माझ्याच नळीतून बारीक सुरी सोडून ती अलगद सोलून काढली. पोटावर ओरखडासुद्धा नाही! “पण दरवर्षी दाखवायला यायचं,” त्यांनी बजावलं. “अशा पोटात दुसरीकडे नवी गाठ उगवू शकते.”

पहिल्या वर्षी घड्याळजीकाका आले. जखमेच्या जागी पांढरा तारा उमटला होता. दुसऱ्या वर्षी मी वाट पाहिली; ते आलेच नाहीत. “चालतंय म्हणून घड्याळ उघडायचंच नाही का?” असं गिऱ्हाइकांना दटावणारा हा माणूस!

यंदा लेकीने हाताला धरून आणलं. ती बाहेर थांबली.

“मागच्या वर्षी कुठे दडी मारलीत?” डॉक्टरबाईंनी विचारलं. काकांनी दाराकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं.

मी आत उतरले. तारा जागच्या जागी होता, पण पलीकडे लालसर ठिपका! डॉक्टरबाई पडद्याकडे झुकल्या. मी दिवा स्थिर धरला. त्यांनी कणभर तुकडा तपासणीला काढला.

मला धुतलं, घासलं, वाळत टांगलं. आठ दिवस जीवही टांगलेलाच.

मग बाप-लेक पुन्हा आले. “नुसती सूज आहे. गोळ्यांनी जाईल,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला जपा, स्वच्छ ठेवा. आणि दुखत नसलं तरी दिलेल्या तारखेला या. जो येतो, त्याचंच मला दिसतं.

लेकीने सुस्कारा सोडला. “बघा अप्पा, गेल्या वर्षीसारखंच साफ! उगाच तोंड पाडून बसला होतात.”

काका हसता हसता थांबले. खिशातलं भिंग चाचपत म्हणाले, “गेल्या वर्षी मी आलोच नव्हतो, पोरी. समोरच्या बागेत दुपारपर्यंत बसलो आणि घरी येऊन साफ आहे म्हणालो. फार भीती वाटली गं.”