पाटीवरची चूक

मी पाटी बोलतेय. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली, एका कोपऱ्यात टवका उडालेली. खाणीतून निघाले, कारखान्यात घासून गुळगुळीत झाले, लाकडी चौकट ल्याले आणि सरांच्या हाती पडले.

सर घरी फ्रेंच शिकवायचे. मुलं टेबलाभोवती बसायची, माझ्या अंगावर खडू चालायचा. "नवा म्हणजे नूव्हो. नूव्हो लिव्र, नवं पुस्तक. पण पुढे स्वरानं सुरू होणारा पुल्लिंगी शब्द आला, की नूव्हेल. नूव्हेल आमी, नवा मित्र. किती वेळा सांगायचं?"

भाजी चिरता चिरता सरांच्या पत्नी, आमच्या बाई, विचारायच्या, "अहो, नवा तो नवाच ना? पुढे कोण आलंय ते बघून त्यानं कशाला बदलायचं?"

"तू नाही बदलत? माझ्याशी करवादतेस, अन् दारात बहीण दिसली की आवाजात साखर!"

बाई सुरी उगारून हसायच्या.

मग सरांना पक्षाघात झाला. वाचा गेली. डॉक्टरांनी हात टेकले. बाईंनी देवापुढे नेम धरला, रोज त्यांचा एक शब्द कानी पडल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. कितीतरी सकाळी कप तसाच निवला.

एकदा सरांना बरं वाटावं म्हणून बाईंनी आठवेल तसं माझ्यावर लिहिलं, 'नूव्हो आमी', आणि मोठ्यानं वाचलं. सरांच्या कपाळावर आठी उमटली. ओठ हलले.

"नू... व्हेल."

मला छातीशी धरून बाई रडल्या. त्या दिवसापासून त्या रोज चुकायच्या. पुढे फ्रेंच चांगलं समजू लागलं तरी बरोबर लिहायचं त्यांनी नाव काढलं नाही.

एका सकाळी सर माझ्याकडे नुसते बघत राहिले. आठी पडली नाही. काही दिवसांनी खुर्चीच रिकामी झाली.

परवा लेक म्हणाली, "आई, आता तरी चहा घे गं. किती सुकलीस!"

"नेम आहे बाळा."

माझ्यावरची चूक दुरुस्त करायला लेकीनं खडू उचलला. बाई घाईनं म्हणाल्या, "राहू दे. ते त्यांचं काम."

तिनं खडू खाली ठेवला. मग थेट बापाच्या ठसक्यात कडाडली, "नूव्हेल आमी! नूव्हेल! किती वेळा सांगायचं?"

बाईंनी कप उचलला.

माझी चौकट आता किडू लागलीय. फार टिकेन असं वाटत नाही. तोवर ओलं फडकं घेऊन कुणी माझ्याकडे येऊ नका. चूक तशीच राहू द्या. लेक उद्या सकाळीही येणार आहे.