रांगेचं तोंड

आरक्षणाच्या चारही खिडक्यांवरच्या कारकुनांनी एकदमच मान वर केली, तेव्हा सर्व्हर सांभाळणारीने आपला कीबोर्ड पुढे ओढला. बसमधल्या रिकाम्या जागा दिसत होत्या, पण एकही आरक्षित होत नव्हती. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं आणि काचेबाहेरची रांग दारापर्यंत पोचली होती. त्यात तिला नोकरीत पक्कं करायचं की नाही, हे आगारप्रमुख साहेब आजच ठरवणार होते.

तिने डिस्क पाहिली, जागा भरपूर. मेमरी पाहिली, तीही निवांत. आता सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा, की वहिनीला विचारावं? वहिनी एका हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळायची. पण परवाच जेवताना हिने तिला ऐकवलं होतं, "आमच्याकडे बाई सगळं सुरळीत. तुमच्यासारखं रोजचं रडगाणं नाही."

शेवटी फोन लावलाच.

"वन्सं? आणि कामाच्या वेळी? अडला हरी, दुसरं काय!"

"म्हण ना पुढचं. गाढवाचे पाय धरी."

"त्यात गाढव मी होते गं. बरं, काय मोडलं?"

"काहीच नाही. जागा दिसतायत, बुक होत नाहीत. बंद करून चालू करू?"

"हात लावू नकोस! अर्ध्यावर आलेल्या तिकिटांचं काय होईल? वाचता येतंय पण लिहिता येत नाही, म्हणजे कुणीतरी आत कडी लावून बसलंय. आत्ता कोण कोण जोडलेलं आहे ते काढ आणि कोण कुणासाठी थांबलंय ते बघ. शेपूट धरू नकोस, रांगेचं तोंड शोध."

तिने शोधलं. पहिली खिडकी तिसरीसाठी थांबली होती, तिसरी चौथीसाठी, आणि सगळ्यांच्या पुढे एक महाशय होते, जे काहीच करत नव्हते. त्यांनी एक बदल सुरू केला होता. तो जतनही केला नव्हता, रद्दही नाही.

"सापडला मेला! सकाळपासून ठाण मांडून बसलाय. थांब, याला आता..."

"नाव काय त्याचं?"

तिने पडद्यावरचं नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"वन्सं?"

"मीच आहे."

सकाळी दोनदा दिल्या गेलेल्या काही जागा तिला दुरुस्त करायच्या होत्या. सावध माणसं करतात तसंच तिनेही केलं होतं: आधी बदल करायचा, डोळ्यांनी पाहायचा, मगच जतन करायचा. पाहिल्यावर शंका आली, म्हणून ती वाहतूक नियंत्रकाला विचारायला उठली. त्याने चहा पुढे केला. परत येईपर्यंत पडद्यावरची ती खिडकी दुसऱ्या उघड्या खिडक्यांखाली गेली होती आणि तिच्या डोक्यातूनही.

वहिनी पोटभर हसली. "शंका होती ना? मग रद्द कर."

तिने रद्द केलं. चारही प्रिंटर एकदम कुरकुरले आणि रांग हलली. तेवढ्यात दारात साहेब आले.

"नेटवर्क गेलं होतं म्हण," वहिनी फोनमधून कुजबुजली. "सगळं जग तेच म्हणतं."

नेटवर्क म्हटलं, तर उद्या दोन माणसं येऊन आठवडाभर केबली उपसत बसणार. तिने फोन टेबलावर ठेवला.

"साहेब, माझाच एक बदल अर्धवट राहिला होता. सगळे त्याच्यामागे अडकले. शोधायला वहिनीने मदत केली."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे बिघाडही घरचा आणि मिस्त्रीही घरचाच."

"हो."

"हं. पक्कं करायचं आज राहू दे. तीन महिन्यांनी बघू. आणि त्या वहिनींचा नंबर मलाही देऊन ठेवा."

ते गेल्यावर तिने फोन कानाला लावला. "ऐकलंस? तीन महिने लांबलं."

"तीनच? मी हेच केलं तेव्हा मला सहा मिळाले होते," वहिनी म्हणाली. "घरी बोलू नकोस हं. तुझ्या दादाला अजून वाटतं, हॉस्पिटलात सगळ्यांनाच सहा महिने उशिरा पक्कं करायची पद्धत आहे."