तेवीस प्रश्न

ऐका ना, आणि मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझी गाडी रुळावरून घसरते. मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. पुस्तकं काढणारं ऑफिस, दोन खोल्या आणि एक बाल्कनी, बाल्कनीत न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे. माझं काम प्रुफं तपासायचं. हे काम आमच्याकडे जोडीनं करतात. एकानं लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून चुका पकडायच्या. माझ्या जोडीला काका. एकतीस वर्षं हेच करतायत. ते वाचतात म्हणजे कसं, "ती म्हणाली स्वल्पविराम मी येते पूर्णविराम." प्रेमकथा असो नाहीतर मधमाश्या पाळायचं पुस्तक असो, आवाज तोच. बस सुटायची घोषणा करतात ना, तस्सा.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरी, गोष्टीत शिरायचं नाही. शिरलीस की चूक सुटली. आपण अक्षरं वाचायची." मला हे इतकं पटलं की दोन महिन्यांत मी त्यांच्यापेक्षा वरताण. मला नावच पडलं 'मुंगी'. साखरेचा कण कुठे सांडलाय, मुंगी हजर. आणि खरं सांगते, मी शेफारले होते.

तर ते पुस्तक. लेखिका पन्नाशीच्या, दातांच्या कवळ्या बनवतात. आयुष्यात हे एकच पुस्तक लिहिलंय. एकोणीस वर्षांच्या असताना त्या जिथे काम शिकत होत्या, तिथल्या मालकाच्या जावयानं त्यांच्यावर बलात्कार केला. शनिवारी दुपारी, बाकीचे घरी गेल्यावर. मग तक्रार, मग खटला, मग पुढची सगळी वर्षं.

सहावं प्रकरण आलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे तू वाच," म्हणाले, "मी बोट ठेवतो." मी म्हटलं बरं, आणि वाचलं की! अगदी त्यांच्यासारखं, स्वल्पविराम, पूर्णविराम, कुठे अडखळणं नाही. अर्ध्या तासात प्रकरण संपलं. काका पाणी प्यायला उठले ते बराच वेळ आलेच नाहीत, आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, वा, आज मी काकांना मागे टाकलं.

सगळं तपासून झालं की लेखकाला प्रश्नांची यादी जाते. म्हणजे, तुमचा भाऊ एका पानावर चार वर्षांनी लहान आहे आणि दुसऱ्यावर तीन, कोणतं ठेवू? असं. माझे तेवीस प्रश्न निघाले. ऑफिसात आजवर एवढे कुणाचे निघाले नव्हते! काका त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेले. पाठवायच्या आधी त्यांना दाखवायची पद्धत आहे, पण मला कुठला दम निघतोय. दिली पाठवून.

सोमवारी लेखिकेचा मॅडमना फोन. मॅडम म्हणजे आमच्या प्रकाशक. फोन अर्धं मिनिटसुद्धा चालला नाही. मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, "पुस्तक छापू नका म्हणाली. प्रत परत मागितलीये. काय लिहिलंस तू तिला?"

मी यादी दिली. त्या उभ्यानंच वाचत गेल्या आणि सतराव्या प्रश्नावर थांबल्या. मोठ्यानं वाचलं, "पान बासष्ट, दार उघडं होतं. पान एकशे एकतीस, दार बंद होतं. नक्की काय? कृपया खुलासा करावा."

मी म्हटलं, "हो, म्हणजे दोन्हीकडे वेगळं आहे ना."

"अकरावं प्रकरण कुणी तपासलं?"

"मीच."

"काय आहे त्यात?"

आणि तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. अकराव्या प्रकरणात कोर्ट आहे. त्या जावयाचा वकील दोन दिवस लेखिकेला उभं करून हेच विचारतो. दार उघडं होतं की बंद? उघडं होतं तर पळाली का नाहीस, बंद होतं तर कडी कुणी लावली? दोन दिवस! आणि ते प्रकरण मी तपासलं होतं. त्यातले चार अनुस्वार दुरुस्त केले होते.

काका म्हणाले, "चूक माझी. मीच शिकवलं हिला तसं."

"चूक कुणाची ते मागाहून वाटून घ्या," मॅडम म्हणाल्या. "अकरा वर्षं लिहीत होती ती हे. आता कपाटात टाकेल आणि परत काढायची नाही."

मी म्हटलं, मी जाते. मॅडम म्हणाल्या, जा, आणि तोंड कमी चालव.

लेखिकेचं वर्कशॉप एका दातांच्या दवाखान्याच्या मागे आहे. एक लांबट खोली, भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकावर पेशंटचा नंबर. टेबलावर मेण वितळवायचा दिवा. त्या कवळीला पॉलिश करत होत्या, मोटर घरघरत होती. दार सताड उघडं. मी ऑफिसचं नाव सांगितलं.

"यादीवाली?" मान वर न करता म्हणाल्या.

मी जे सुरू झाले! माफ करा, माझं चुकलं, आमच्याकडे पद्धतच अशी, माझ्या मनात तसं नव्हतं, रागावला असाल तर माझ्यावर रागवा, पुस्तकावर नको. मॅडमनी सांगितलेलं सगळं मातीत. त्यांनी कवळी उजेडात धरून पाहिली.

"रागावले नाहीये. भावाचं बरोबर पकडलंस. बावीस प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवलीत. सतरावा आला आणि वाटलं, हे छापून आलं की प्रत्येक जण हेच विचारणार. एकदा दिलीत मी ती उत्तरं. परत कशाला?" मग म्हणाल्या, "तू वाचलंस का पुस्तक?"

"दोनदा."

"दोनदा तपासलंस. वाचलंस का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आधी वाच. प्रत शुक्रवारपर्यंत राहू दे तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. घरात भावाचे मित्र, म्हणून गच्चीवर गेले, टाकीच्या सावलीत बसले, पेन खालीच ठेवून. पहिली वीस पानं हात नुसता शिवशिवत होता. मग कधी थांबला कळलंच नाही. सहावं प्रकरण मी अर्ध्या तासात वाचलं होतं ना? या वेळी दोन तास लागले. चार ओळी वाचायच्या, उठायचं, कठड्यापर्यंत जायचं, परत यायचं.

आणि मला सांगा, हे पुस्तक मधेमधे हसवतं हे मला कुणी का नाही सांगितलं? कोर्टात तो वकील दाराचं विचारतोय, आणि या बघतायत की त्याची खालची कवळी सैल आहे, दर शब्दाला हलतेय. दोन दिवस त्या मनात म्हणतायत, कुणी बनवली असेल ही, मापच घेतलं नाही मेल्यानं. मी खो खो हसले, आणि हसता हसता जे रडू आलं, काही विचारू नका. आधी त्याच ओळीत मी 'कवळी'चा ळ नीट छापलाय की नाही तेवढं बघितलं होतं.

संध्याकाळपर्यंत पुस्तक संपलं. डोक्यात दार नव्हतंच. दुसरंच काहीतरी अडकून बसलं होतं.

बुधवारी पानांचा गठ्ठा घेऊन परत गेले. त्या मेणात दात बसवत होत्या, चिमट्यानं एकेक.

"वाचलं," मी म्हटलं. "एक प्रश्न आहे. विचारू? नाही म्हणालात तर जाते."

"चोविसावा?" हसल्या जरा. "विचार."

"त्या सोमवारी तुम्ही कामावर गेलात. शनिवारचे साचे वाया जातील म्हणून. ज्या आत्याकडे राहत होतात तिनं डबा दिला, तुम्ही घेतला, असं आहे पान सत्तरवर. पुढे काहीच नाही. तुम्ही जेवलात का त्या दिवशी?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आगीतून उठून फुफाट्यात.

"नाही," म्हणाल्या. "टाकून दिलं सगळं. मग डबा धुतला आणि नेला परत, आत्याला वाटावं खाल्लं म्हणून. आठवडाभर असंच." पुढे म्हणाल्या, "शनिवारचं सगळ्यांनी विचारलं गं. सोमवारचं कुणीच नाही. मीसुद्धा लिहायचं विसरले बघ."

सत्तरावं पान दे म्हणाल्या. जबड्यांवर नंबर टाकायच्या निळ्या पेननं समासात तीन ओळी लिहिल्या, एक शब्द खोडला, परत तोच लिहिला. मग म्हणाल्या, "आणि दाराचं सांगते. मला दोन्ही आठवतं. फरशीवर दारातून उन्हाची पट्टी आलेली आठवते, आणि कडी लागल्याचा आवाजही आठवतो. दोन्ही कसं होईल, माहीत नाही. एक पुसून दुसरं ठेवलं तर पुस्तक नीटनेटकं होईल, पण खोटं होईल. चालेल तुमच्या मॅडमना?"

"मॅडमना मी अजून विचारलेलं नाही. पण मी तिथे हात लावणार नाही."

"आणि वाचकांची पत्रं आली तर? हे कसं, ते कसं?"

"मी उत्तर देईन."

"काय देशील?"

मी खूप विचार केला हो. काहीतरी भारी सुचावं असं वाटत होतं. नाही सुचलं. "ते अजून माहीत नाही," मी म्हटलं. "पण तुमच्यापर्यंत येऊ देणार नाही."

तेवढ्यात दारात एक आजोबा येऊन उभे, तोंडाचं पार बोळकं. बाईंनी त्यांना हातानं 'बसा' केलं आणि पानांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"छापा," म्हणाल्या. "आणि आता नीघ, यांना दात द्यायचेत."

रस्त्यावर येऊन मी मॅडमना फोन लावला. छापायचं, पान सत्तरवर तीन ओळी वाढल्यात, दार दोन्हीकडे आहे तसंच. मॅडम म्हणाल्या, "तीन ओळी म्हणजे पुढची पानं सरकणार, परत तपासावी लागणार. काका थांबलेत, लवकर ये."