दोन इंचांसाठी टाकलेली फळी

मी फळी बोलतेय. आठ फूट लांब, फूटभर रुंद, दीड इंच जाड. रंग विचारू नका. तो सिमेंटनं कधीच खाल्ला. इमारत उभी राहत असते तेव्हा मी तिथं असते. पुरी झाली की लोक फोटो काढतात, त्यात मी नसते. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण एका इमारतीबद्दल मला बोलायचं आहे.

मी झाड होते ते फारसं आठवत नाही. वखारीतल्या करवतीपासून पुढचं आठवतं. पहिली दोन वर्षं स्लॅबखाली गेली. ओलं काँक्रीट पाठीवर घ्यायचं आणि ते धरेपर्यंत हलायचं नाही, एवढंच काम. मग एका टोकाला मला चीर गेली. चिरलेली फळी स्लॅबखाली चालत नाही. मिस्त्रीनं चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकली आणि मला गाडीखाली घातलं.

गाडी म्हणजे वाळू-खडी वाहायची एकचाकी लोखंडी गाडी. ती मिस्त्रीची बायको ढकलायची. कुठं दगड आला, कुठं जोत्याची कड आली, की चाक 'खट्' करून अडायचं. मग ती ओरडायची, "फळी कुठाय माझी?" मला आणून तिथं तिरकी टाकली की गाडी वर. बांधकामावर हे कुणाला शिकवावं लागत नाही. गाडी अडली की उतार करायचा, हे सगळ्यांना कळतं. आणि इमारत झाली की तोच उतार उचलून तिथं पायऱ्या बांधतात, हेही मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं.

ही इमारत वाचनालयाची होती. लहानशी, एक मजली. इंजिनिअर बाई तरुण होत्या. त्यांच्या खिशात कायम टेप असायची, म्हणून मागं सगळे त्यांना टेपबाई म्हणत. समोर मॅडम.

मॅडमनी नकाशा पसरून मिस्त्रीला दाखवलं. दारापुढं पायऱ्या आणि शेजारी अठरा फूट लांब उतार.

मिस्त्री म्हणाला, "एवढा लांब? इथं विमान उतरवायचंय का?"

"चाकाची खुर्ची चढवायची आहे. एक इंच चढायचं तर बारा इंच लांबी लागते. जागा कमी पडली तर फुलांचा वाफा काढू. लांबी काढायची नाही."

मिस्त्रीनं मान हलवली. त्याला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण हातात पातळी बघायची पाणसळ असली की तो कुणाचं ऐकायचा नाही. छत्तीस वर्षांत त्याचं एकही काम फोडावं लागलं नव्हतं. हे तो स्वतः सांगायचा नाही. बायको सांगायची, आणि तो ऐकू येत नसल्यासारखं करायचा.

उताराचं काँक्रीट पडलं त्या दिवशी मॅडम दुसऱ्या कामावर होत्या. फोनवर म्हणाल्या, "मिस्त्री, पातळी बघून घ्या."

"बघितली."

त्यानं खरंच बघितली होती. दारातल्या जमिनीच्या स्लॅबपासून दोरी ताणली, पाणसळ ठेवली, अठरा इंच उंचीला अठरा फूट उतार आणि वर दारापुढं खुर्ची वळवण्यापुरती सपाट जागा केली. काम गुळगुळीत झालं. पण आतली फरशी अजून बसायची होती. ती महिन्याभरानं बसली. खाली सव्वा इंच माल, वर पाऊण इंच फरशी. दारातली जमीन दोन इंच वर गेली. उतार राहिला तिथंच.

मिस्त्रीनं जन्मभर पायऱ्या बांधल्या होत्या. पायऱ्या करताना असे दोन इंच इकडं तिकडं वाटून टाकता येतात, आणि पाय ते सांभाळून घेतो. चाक सांभाळून घेत नाही.

हे कळलं ते उद्‍घाटनाला बारा दिवस उरले असताना. वाचनालयात नेमलेल्या ग्रंथपालबाई जागा बघायला आल्या. चाकाच्या खुर्चीतून, एकट्या. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. अठरा फूट त्या न थांबता चढल्या. दाराशी पुढची लहान चाकं अडली.

खट्.

बाईंनी खुर्ची मागं घेतली, पुन्हा पुढं आणली. पुन्हा खट्. तेवढ्यात ठेकेदार धावत आला. "अरे, फळी आणा, फळी!"

मला आणलं, दारात टाकलं. ठेकेदारानं मागून ढकललं आणि बाई आत गेल्या. ठेकेदारानं हात झटकले. "झालं. ही फळी इथंच राहू दे. छान रंग देऊ हिला."

खोटं कशाला बोलू, मी खूश झाले. इतक्या वर्षांत मला रंग द्यायचं कुणी काढलं नव्हतं. पक्क्या इमारतीत, दारातच जागा!

ग्रंथपालबाईंनी खुर्ची वळवून माझ्याकडं पाहिलं. "दार लावताना ही काढावी लागेल. सकाळी कुलूप उघडणार मी. मग ही टाकणार कोण?"

"कुणालाही हाक मारा, ताई. रस्त्यावर माणसं असतातच. नाहीतर उचलूनच आत ठेवू तुम्हाला."

"पुस्तकांचे गठ्ठे येतील ते उचलून ठेवा," बाई म्हणाल्या. "मी गठ्ठा नाही. मला रोज माझी माझी आत यायचंय. ते जमणार नसेल तर आताच सांगा, ही नोकरी मी घेत नाही. घरी आईला उचलायला लावते तेवढं पुरे."

ठेकेदारानं फोन काढून मॅडमना बोलावलं. माझी खुशी तिथंच संपली.

मॅडम दुपारी आल्या. टेप लावली. दोन इंच. त्यांचा चेहरा उतरला.

ठेकेदार म्हणाला, "दाराशी थोडा माल थापून टाकू. दोन इंचांचं काय एवढं?"

"तिथं त्या एका हातानं दार धरणार आणि दुसऱ्या हातानं चाक. नेमकं तिथंच चढ केला तर खुर्ची मागं घरंगळेल. आणि सगळ्या उतारावर पातळ थर दिला तर चार पावसांत पोपडे सुटतील. फोडायला लागेल."

"बारा दिवसांत?"

"आजपासून धरलं तर होतं. नाही झालं, तर इमारत तयार आहे असं मी लिहून देणार नाही."

मिस्त्री पाठ करून थापी धूत होता. थापी केव्हाच स्वच्छ झाली होती. "माझी पातळी चुकलेली नाही," तो म्हणाला.

"नाही चुकली, मिस्त्री. तुम्ही स्लॅबपासून धरलीत, ती फरशीपासून धरायची होती. काँक्रीट ओतायच्या आधी येऊन ते बघणं माझं काम होतं. मी फोनवर भागवलं. कामाच्या वहीत तसंच लिहिते आहे."

मिस्त्रीनं थापी पुन्हा पाण्यात बुडवली. बोलली त्याची बायको.

"अहो, माझ्या वाळूला फळी लागते म्हणून दिवसातून वीसदा धावता. त्या बाईनं कुणाच्या नावानं ओरडायचं?"

"तू गप बस."

"बसते. गाडी तुम्ही ढकला."

आणि ती खरंच बसली, माझ्यावरच. मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. मग गाडीत दहा घमेली वाळू भरली आणि दांडे धरून उतार चढू लागला. चढ त्याचाच, त्याला दम लागला नाही. दाराशी खट्. दांड्याचा हिसका खांद्यापर्यंत गेला. त्यानं जोर लावला. वाळू सांडली, चाक चढलं नाही. तिसऱ्यांदाही नाही.

त्यानं दांडे सोडले.

"छिन्नी आण," तो बायकोला म्हणाला. ठेकेदारानं दोन माणसं पुढं केली, तेव्हा मिस्त्री कडाडला, "कुणी हात लावायचा नाही. मी बांधलंय, मीच फोडणार."

अंधार पडेपर्यंत तो फोडत होता. मी राडारोडा वाहायला गाडीखाली होते. एवढं जड ओझं मी स्लॅबखालीसुद्धा घेतलं नसेल.

दुसऱ्या दिवशी उतार वीस फुटांचा झाला. फुलांच्या वाफ्यातली दोन फूट जागा गेली. या खेपेला मिस्त्रीनं दारातल्या फरशीवर बोट ठेवून दोरी धरली. मॅडम गुडघ्यांवर बसून दुसरं टोक धरून होत्या. दोघांनी आळीपाळीनं पाणसळ बघितली. मग माल पडला. पुढचे दिवस मिस्त्रीची बायको त्यावर ओली पोती घालून पाणी मारत राहिली.

उद्‍घाटनाच्या दिवशी मला कुंपणाला टेकवून ठेवलं होतं. भाषणाआधीच ग्रंथपालबाई आल्या. हातात किल्ली. मिस्त्री उताराकडं पाठ करून, रिकाम्या बादलीत थापी धुवायचं नाटक करत उभा होता. त्याचा कान दाराकडं होता. माझाही.

चाकं चढली. कुलूप निघालं. दार उघडलं. आम्ही 'खट्'ची वाट बघत होतो.

ते आलंच नाही.

आतून बाईंचा आवाज आला, "मिस्त्री, या ना आत!"

"पायाला माती आहे," मिस्त्री म्हणाला. आणि बायकोवर खेकसला, "बघत काय बसलीस? फळी उचल. इथं तिचं काही काम नाही."

माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

आता मी दुसऱ्या कामावर आहे. दवाखाना होतोय. माझी चीर पट्टीपुढं सरकली आहे. हे काम निघेल, पुढचं सांगता येत नाही. इथले इंजिनिअर नवे आहेत. त्यांनी उताराचा नकाशा काढला, तर मिस्त्रीनं आधी खिशातून फरशीचा तुकडा काढून नकाशावर ठेवला. म्हणाला, "साहेब, ही धरलीत का?" साहेबांनी धरली नव्हती. त्यांनी पेन्सिल काढली.

बांधणाऱ्यांनो, तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. काम चालू आहे तोवर मला हवं तसं राबवा, माझी तक्रार नाही. पण दारं उघडाल त्या दिवशी मी दारात दिसले, तर मला रंग देऊ नका. टेप काढा आणि पुन्हा मोजा.