मथुराबाईचं पिवळं पातळ

मथुराबाईचा नवरा म्हणजे मारोतराव धुरकरी. दिग्रसपासून दारव्ह्यापर्यंत कोणालाही विचारा, शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडीचा छकडा हाकावा तर मारोतरावानेच, असंच सांगतील. घरात जिंकलेल्या ढाली ठेवायला जागा नाही. एक तर तुरीच्या डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून बसलीय. आणि या बाईने चाळीस वर्षांत नवऱ्याची एक सोडून दुसरी शर्यत पाहिली असेल तर शपथ!

घरी बसत होती म्हणता? छे. प्रत्येक पटाला जायची. शेवटच्या चुन्याच्या रेषेपलीकडे जागा धरायची, पदर सावरायची आणि सगळं जग पुढे बघत असताना ही बाई पटाकडे पाठ करून बसायची. बायका हसायच्या. हसेनात का.

कारण साधं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने मोठ्या हौसेने पट पाहिला आणि तिच्या डोळ्यांदेखत छकडा उलटला. नवरा मातीत, खांद्याचं हाड मोडलेलं, तोंडातून रक्त. त्या दिवशी तिने बजावलं, "तुमी छकड्यावर हाय तवर मी तिकडं पाह्यनार नाई. आन् आल्याबिगर राह्यनार बी नाई." मारोतराव म्हणाला, "पाठ कर नाई तं पोट कर, ये म्हंजे झालं."

एका वेळी एकच जोडी पळते आणि सगळा खेळ घड्याळावर. आठ-नऊ सेकंदांचा तर मामला! पण त्या आठ सेकंदांत मथुराबाईचं अर्धं आयुष्य गेलं. आधी लोकांचा गलका उठायचा, मग जमीन हादरायची, मग बैलांचे फुसकारे अगदी कानाजवळून निघून जायचे आणि शेवटी नवऱ्याचा आवाज यायचा, "होऽ होऽ, बस रे बाप्पा." तो आवाज आला की ती श्वास सोडायची. किती सेकंद लागले, नंबर आला की गेला, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. माणूस शाबूत उतरला, संपलं.

मारोतरावाने पहिला पट मारला सतराव्या वर्षी. बैलाला टोचायची तुतारी त्याने जन्मात हाती धरली नाही. जिभेने टक् टक् करायचा, की जोडी उधळलीच. मग मध्ये शर्यतींवर बंदी आली. सात-आठ वर्षं छकडा निंबाखाली उभा. कोंबड्यांनी त्यात अंडी घातली. मारोतराव रोज एकदा जाऊन त्याच्या चाकाला हात लावून यायचा. बंदी उठली तेव्हा गडी साठीच्या उंबरठ्यावर होता, पण नवी जोडी आणलीच. एक बैल सारखा हंबरून भांडायचा, त्याचं नाव ठेवलं वकील. दुसरा आवाजच करायचा नाही, तो मुका.

आणि तिथूनच ते पिवळ्या पातळाचं सुरू झालं.

तीन वर्षांपूर्वी एका पटाला निघताना तो म्हणाला, "मथुरा, ते हळदीवानी पिवळं पातळ हाय ना तुयं, तेच नेसत जाय पटाले. मागच्या खेपीले नेसली होती तं नंबर आला. शकुन हाय."

धुरकऱ्यांचे शकुन काय कमी असतात? कोणी लिंबू बांधतो, कोणी दाढी करत नाही. तिनेही मानलं. प्रत्येक पटाला तेच पिवळंधमक पातळ, तीच जागा, तीच पाठ. पोरगी उर्वशी चिडवायची, "आई, तू आता ट्रॅफिकचा दिवा झाली." उर्वशी चोवीस वर्षांची, शिकलेली, पण बापाच्या वळणावर गेलेली. जोडीचा सराव तीच घ्यायची.

मागच्या फेब्रुवारीत राळेगाव तालुक्यातल्या एका गावी पट भरला. ऊन असं, की डोकं तडकावं. मथुराबाई लवकर जाऊन रसवंतीपाशी बायकांसोबत रस प्यायली. रसवंती बांधाला लागून होती, शेवटच्या रेषेच्या बरीच अलीकडे. म्हाताऱ्या बायका उन्हात वाळत होत्या. ही म्हणाली, "काहो भाऊ, गिऱ्हाइकाले भाजून रस पाजता काय? जराशी सावली करा ना!" रसवाला बिचारा भला माणूस. त्याने गाडीतून ताडपत्री काढली आणि चार बांबूंवर ताणली. बायकांनी दुवा दिला. मथुराबाई आपल्या जागी, रेषेपलीकडे जाऊन पाठ करून बसली.

मारोतरावाचं नाव पुकारलं. गलका उठला. जमीन हादरली. माइकवाला किंचाळत होता, "वाऱ्यावानी आली, वाऱ्यावानी! आज रेकॉर्ड मोडते!" आणि एकाएकी सगळं थांबलं.

फुसकारे तिच्या कानाजवळून गेलेच नाहीत. "होऽ होऽ" ऐकू आलं, पण लांबून, भलत्याच जागेवरून. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. गेला माझा माणूस, एवढंच तिच्या मनात आलं. तिने शपथ मोडली आणि मान वळवली.

छकडा उलटला नव्हता. नवरा ताठ बसलेला, जोडी जागच्या जागी धापा टाकत उभी, आणि शेवटची रेषा अजून तीस हात पुढे! मारोतरावाने जिंकलेला पट रेषेच्या अलीकडेच कासरा ओढून थांबवला होता. आणि त्याच्या थोडं मागे ती ताडपत्री ताणलेली होती. पिवळीधमक.

त्या क्षणी तिला काही कळलं नाही. कळायला फुरसतच कुठे मिळाली? लोक धावले. "काहून थांबले दादा?" मारोतराव क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "वकील दमला होता. मुक्या जनावराले कायले मारा? दया आली." झालं! लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणी तरी मोबाईलवर व्हिडिओ केला आणि रात्रीच्या आत तो गावोगाव पोचला, 'बैलासाठी पट सोडणारा धुरकरी' म्हणून. हार, नारळ, खांद्यावर शाल. हरून एवढा मान कोणाला मिळाला नसेल.

घरी येताना मथुराबाई सारखी मागे वळून बैलांकडे बघत होती. वकील दमला होता म्हणे! वकील तर अजून पिकअपमध्ये उभ्या उभ्या भांडत होता.

मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळू लागली. दोन वर्षं झाली, नवऱ्याने मोटरसायकलला हात लावला नव्हता. म्हणे कंबर दुखते. पेपर वाचणं सोडलं, म्हणे सगळं खोटं असतं. चहाचा कप हातात द्यावा लागायचा. बैलांचं सगळं हाताने व्हायचं, घराची पायरी पायाला पाठ. आणि आपण काय समजलो? म्हातारा लाडावला! मथुराबाईने स्वतःलाच चार शिव्या हासडल्या.

सकाळी तिने हिरवं लुगडं नेसलं. हातातल्या बांगड्या वर सारून पदराने दाबून धरल्या. मारोतराव अंगणात खाटेवर बसला होता. ती जाऊन समोर उभी राहिली, चार हातांवर. बोलली नाही.

त्याने मान वर केली. थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग अगदी अदबीने म्हणाला, "कोन हाय? या ना, बसा."

बाप्पा! चाळीस वर्षांच्या बायकोला "या ना, बसा"!

"मी हाय," ती म्हणाली. "तुमची बायको हाय. पिवळं नेसली नाई म्हून पाहुनी झाली काय?"

मारोतरावाचं तोंड उतरलं. तो खाटेची दोरी बोटांनी चाचपत राहिला.

"मले पिवळा रंग तेवढा दिसते," शेवटी तो म्हणाला. "बाकी सारं धुकं. बैलाले रस्ता मालूम हाय, मले फक्त थांबाचं कुठं ते पाह्यजे. तुयं पातळ मांगं पडलं का कासरा ओढाचा."

"आन् मी नसती बसली त्या जागी तं?"

"तू नसती असं झालं काय कधी?"

तिला रडू आलं, रागही आला, आणि तोंडातून राग आधी निघाला. "अवो, लोकाईच्या अंगावर छकडा घातला असता तुमी! लेकरं उभे राह्यतात तिथं! डॉक्टरकडं काहून नाई गेले?"

"माह्या बाबाचे डोये काचबिंदूनं गेले म्हनत लोक. अकरा वर्सं या ओट्यावर बसले होते," मारोतराव म्हणाला. "कोनी हात धरून नेलं तं गेले, नाई तं बसले. डॉक्टर तेच सांगन. तेनं सांगतलं का मंग ते खरं होते. तवर मी धुरकरी तं हाय."

असा तो माणूस. उधळल्या जोडीपुढे उभा राहील, पण डॉक्टरच्या एका वाक्याला भ्याला. मथुराबाईने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "उर्वशी, बाबाचे कपडे काढ. यवतमाळची गाडी किती वाजता हाय?"

यवतमाळला डोळ्याची डॉक्टरीण म्हणजे उर्वशीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने बॅटरी मारून पाहिलं, थेंब टाकून तासभर बसवलं, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, पुन्हा पाहिलं. मथुराबाई दाराशी उभी राहून सगळे देव आठवत होती. देव संपले तेव्हा ती नदीनाल्यांवर आली.

"आजोबा, इतके दिवस कुठं होते?" डॉक्टरीण म्हणाली. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. ऑपरेशन करू. आधी एक डोळा, मग दुसरा."

"म्हंजे... काचबिंदू नाई?" मारोतरावाने विचारलं.

"नाही हो. मागचा पडदा चांगला आहे. छान दिसेल तुम्हाला."

मथुराबाई मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. बाहेरचे पेशंट घाबरले, त्यांना वाटलं आत कोणी तरी गेलं. उर्वशी सगळ्यांना समजावत सुटली, "नाई, नाई, चांगलं झालं, चांगलं झालं म्हून रडून राह्यली." मग मथुराबाईला अशी भूक लागली, अशी लागली, की बसस्टँडवर तिने चार आलुबोंडे खाल्ले, तिखट मिरचीसकट. दोन दिवस पोटात अन्न ठरलं नव्हतं तिच्या.

बस सुटली तेव्हा मारोतराव हळूच म्हणाला, "बाबालेबी हेच असन काय वं?"

"असन," ती म्हणाली. "नसन बी." तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. घर येईपर्यंत सोडला नाही.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी ती मुद्दाम ते पातळ नेसून गेली. मारोतरावाने खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "अव माय! हे तं पार विटलं. याच्या भरोशावर मी पट मारून राह्यलो होतो?" मथुराबाई म्हणाली, "माह्या भरोशावर मारले, पातळाच्या नाई." डॉक्टरीणबाई हसली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दोन्ही डोळे लख्ख झाले. हिवाळा लागला तशी मथुराबाईला पुन्हा धास्ती. आता याला दिसतं, आता हा काही ऐकायचा नाही, चढणार छकड्यावर. एका सकाळी मारोतराव रानात उर्वशीचा सराव पाहायला गेला आणि बराच वेळ उभा राहिला. घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "पोट्टीचा हात मायाहून हलका हाय वं. दोन वर्सं ऐकत होतो लोकाईचं, वाटे तोंडदेखलं बोलतात. आज डोयानं पाह्यलं. यंदा जोडी तेच हाकन."

मथुराबाईने देवापुढे साखर ठेवली. थोडी स्वतःच्या तोंडात टाकली.

जानेवारीत दारव्ह्याकडच्या एका गावी पट भरला. बायकांचा गट वेगळा होता. मथुराबाई रेषेपलीकडे जाऊन उभी राहिली, साध्या चॉकलेटी लुगड्यात. आज पहिल्यांदा नवरा तिच्या बाजूला होता, जमिनीवर, दोन्ही पायांवर. केवढं सुख ते! मग लांब, पलीकडच्या टोकाला छकड्यावर उर्वशी दिसली आणि सुख तिथेच संपलं. सवयीने ती पाठ करायला वळली.

वळली आणि पाहते तर काय? मारोतराव आधीच पाठ करून उभा! एवढा चाळीस वर्षांचा नावाजलेला धुरकरी, नवे कोरे डोळे गच्च मिटून, उपरण्याचं टोक मुठीत चुरगळत.

"काहो? काय झालं?"

"माह्यानं नाई पाह्यनं होत," तो म्हणाला. "मथुरा, तू कशी बसत होती वं इतके वर्सं?"

मथुराबाईला बोलायचं फार होतं. चाळीस वर्षांचं साचलेलं होतं. पण तिकडे गलका उठला, जमीन हादरू लागली. कोणी तरी पाहायलाच पाहिजे ना! तिने नवऱ्याचा हात धरला आणि तोंड पटाकडे केलं.

आणि तिने पाहिलं. वकील आणि मुका मान खाली घालून येत होते, मागे धुळीचा लोट, आणि धुळीच्या पुढे तिची पोरगी, ओठ मिटलेले, कासरा असा धरलेला जसा कोणी लेकराचा हात धरावा. भीती होतीच, पण असं काही सुंदर असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. जोडी रेषा ओलांडून समोरून सपाट्याने निघून गेली. "होऽ होऽ, बस रे बाप्पा," उर्वशी ओरडली, अगदी बापासारखी.

"झालं काय?" मारोतरावाने विचारलं. डोळे अजून मिटलेलेच. "अवं, सांग ना! उतरली काय पोट्टी?"

मथुराबाईने त्याला थोडं थांबवलं. फार नाही, आठ सेकंद.

मग म्हणाली, "उतरली. पाहा आता."